‘वारसा परिसर’ कोणाचा? ओव्हल, शिवाजी पार्क आणि खोताची वाडी

#थ्रेड

१/
३० जून २०१८. बहारीनची राजधानी मनामा येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे ४२वे अधिवेशन सुरू होते. त्या दिवशी ‘मुंबईचे व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह’ ही नोंद जागतिक वारसा यादीत दाखल झाली. घारापुरीची लेणी (१९८७) आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) यांच्यानंतर मुंबईला मिळालेला हा तिसरा मान. मात्र आधीच्या दोन नोंदींहून ही नोंद वेगळी होती. येथे एखादे लेणे किंवा एखादी भव्य इमारत गौरवली गेली नव्हती. ओव्हल मैदानाभोवतीचा आणि मरीन ड्राइव्हपर्यंत पसरलेला ९४ इमारतींचा अख्खा परिसर गौरवला गेला होता. त्यात उच्च न्यायालय होते, विद्यापीठ होते आणि माणसे राहतात अशी साधी निवासी घरेही होती.

२/
या मैदानापासून उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर गिरगावात खोताची वाडी आहे. शासनाच्या वारसा यादीत तिचे नाव १९९५पासून आहे. तरीही तिथली निम्म्याहून अधिक जुनी घरे नाहीशी झाली. आणखी उत्तरेला दादरचे शिवाजी पार्क. तेथे २०१२ साली वारसा दर्जाचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवासीच त्याच्या विरोधात उभे राहिले. शहर एक, नियम एक, वस्त्या तीन आणि निकाल तीन. एका वस्तीने दर्जा मागून मिळवला, दुसरीने नाकारला, तिसरीला तो मिळूनही पुरला नाही. असे का घडले, याचा हा इतिहास.

३/
प्रथम कायदा. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली, प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली नवा केंद्रीय कायदा आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा. या कायद्यांची दृष्टी स्मारकाची होती: किल्ला, मंदिर, लेणे, थडगे. केंद्रीय कायद्यानुसार वास्तूचे वय किमान शंभर वर्षे हवे. ज्या घरात आजही स्वयंपाक होतो, ज्याच्या जिन्यावर मुले खेळतात, त्या घराला या चौकटीत जागा नव्हती. अशा पन्नास घरांची मिळून एक गल्ली होते आणि त्या गल्लीला स्वतःचा इतिहास असतो, ही कल्पना तर त्या कायद्यांच्या कक्षेबाहेरचीच.

४/
ही कल्पना कायद्यात प्रथम उतरली ती अमेरिकेत. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहराने १९३१ साली आपल्या जुन्या भागाला ‘ऐतिहासिक परिसर’ म्हणून संरक्षण दिले. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन हाइट्सला असा दर्जा १९६५ साली मिळाला. फ्रान्समध्ये लेखक व सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९६२ साली आला, ब्रिटनमध्ये तशी तरतूद १९६७ साली झाली. या सर्वांमागचा विचार एकच: एकेक घर सामान्य असेल, पण ती सारी मिळून जे उभे राहते ते असामान्य असू शकते.

चार्ल्सटनने आणखी एक धडाही लवकरच दिला. जुन्या गल्ल्यांना भाव आला आणि तिथे भाड्याने राहणाऱ्या अनेक गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घर सोडावे लागले. भिंती वाचल्या, शेजार बदलला.

५/
मुंबईत हा विचार नियमात यायला १९९५ साल उजाडले. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत जुने बंगले आणि वाडे पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढला होता. इंटॅकची मुंबई शाखा, इंडियन हेरिटेज सोसायटी यांसारख्या संस्था जुन्या वास्तूंच्या याद्या करत होत्या. अखेर एप्रिल १९९५मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील नियम क्रमांक ६७ लागू झाला आणि मुंबई वारसा संवर्धन समिती अस्तित्वात आली. सहाशेहून अधिक वास्तू आणि चौदा परिसर यादीत आले. शहरातील वापरात असलेल्या इमारतींसाठी वारसा नियम करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर.

६/
नियमाची रचना थोडक्यात अशी. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू श्रेणी एकमध्ये; त्यांना जवळपास हात लावता येत नाही. प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू श्रेणी दोनमध्ये, तिचे पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’ असे भाग. शहराच्या रूपाला आकार देणाऱ्या वास्तू श्रेणी तीनमध्ये. त्यांच्याबाबत बदलाला सर्वाधिक वाव. यांखेरीज ‘परिसर’ हा स्वतंत्र प्रकार. परिसरातील एखादे घर सुटे पाहिले तर कदाचित कोणत्याच श्रेणीत बसणार नाही. पण गल्लीची रुंदी, घरांची उंची, ओट्यांची आणि सज्ज्यांची ओळ हे सारे मिळून जपायचे असते.

७/
नियमात एक आर्थिक तरतूदही होती. वारसा दर्जामुळे ज्याला आपल्या भूखंडावर अधिक बांधकाम करता येणार नाही, त्याला न वापरलेला विकास हक्क दुसरीकडे विकता यावा. हाच ‘टीडीआर’. कल्पना न्याय्य होती. परंतु हा हक्क भूखंडाच्या मालकाचा. चाळीतल्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या भाडेकरूला त्यातून काय मिळणार, या प्रश्नाला त्या तरतुदीत उत्तर नव्हते. पुढच्या तीन दशकांतील बहुतेक वाद या एका फटीतून उगवले.

८/
आता ओव्हलकडे. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात पाडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या वर्षांत कापसाच्या व्यापारातून शहरात पैशाचा पूर आला होता. तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या पूर्व कडेला एका ओळीत सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या: सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय. मनोऱ्याचा खर्च प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर यांची देणगी लाभली. आराखडे इंग्रजांचे असले तरी या ओळीत एतद्देशीय धनिकांचा पैसा आणि एतद्देशीय कारागिरांचे हात मोठ्या प्रमाणावर आहेत.

९/
तेव्हा मैदानाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर समुद्र होता. १९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबे भराव योजना सुरू झाली. तिच्यातील उधळपट्टी आणि गैरव्यवहार वीर नरिमन म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या खुरशेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले. वादग्रस्त ठरलेल्या त्याच भरावावर १९३०च्या दशकात नवी वस्ती उभी राहिली. सिमेंट-काँक्रीटच्या, एकाच उंचीच्या इमारती. जहाजाच्या डेकवर असावेत तसे कठडे, गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. हीच आर्ट डेको शैली. इरॉस चित्रपटगृह १९३८ साली सुरू झाले.

१०/
या दुसऱ्या ओळीचे वैशिष्ट्य फक्त नक्षीत नाही. गॉथिक इमारती प्रामुख्याने ब्रिटिश स्थापत्यकारांनी आखल्या होत्या. डेको इमारतींपैकी पुष्कळ भारतीय स्थापत्यकारांनी भारतीय मालकांसाठी आखल्या. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतले ठळक मराठी नाव. मरीन ड्राइव्हवरील सूना महल आणि ओव्हलसमोरील एम्प्रेस कोर्ट ही त्यांची कामे. नोव्हेंबर १९३७मध्ये भारतीय स्थापत्यविशारदांच्या संस्थेने टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले होते. घरात स्वतंत्र स्वयंपाकघर, आत स्नानगृह आणि शौचालय, लिफ्ट, विजेचे दिवे: वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाचे हे नवे स्वप्न होते.

११/
म्हणजे ओव्हलच्या हिरवळीवर मध्यभागी उभे राहिले, तर एका हाताला एकोणिसावे शतक आणि दुसऱ्या हाताला विसावे शतक दिसते. एकीकडे साम्राज्याचा आत्मविश्वास, दुसरीकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या शहराचा. मध्ये फक्त एक मैदान. जागतिक वारसा यादीसाठी केलेल्या प्रस्तावाचा गाभा हाच होता. अशी समोरासमोरची जोडी जगात दुर्मीळ आहे, हे त्यातून पटवायचे होते. जपायची गोष्ट होती ती दोन ओळींमधले नाते. त्यामुळे मैदान वाचले नाही, तर दोन्ही बाजूंच्या इमारती वाचूनही उपयोग नव्हता.

१२/
प्रस्तावाची सुरुवात मंत्रालयात झाली नाही. ओव्हल, कूपरेज, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह येथील रहिवासी संघटना आधीपासून मैदानाची दुरवस्था, अतिक्रमणे, फलकांची गर्दी यांविरुद्ध झगडत होत्या. याच सवयीतून पुढची मागणी उगवली. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी नामांकनाचा दस्तऐवज तयार केला. २०१२ साली परिसर युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. पण संभाव्य यादी म्हणजे केवळ दारातली रांग. प्रत्येक देशाला वर्षाकाठी मोजकीच नामांकने पाठवता येतात. कोणते पाठवायचे, हे केंद्र सरकार ठरवते.

१३/
त्या रांगेत दिल्ली पुढे होती. शाहजहानाबाद आणि नवी दिल्ली यांचे संयुक्त नामांकन केंद्राने पाठवले आणि २०१५ साली मागे घेतले. २०१७ साली अहमदाबाद हे भारताचे पहिले जागतिक वारसा शहर ठरले. त्यानंतर मुंबईची पाळी आली. सुमारे ६६ हेक्टरांचा गाभा आणि त्याभोवती ३७८ हेक्टरांहून मोठे संरक्षक क्षेत्र, असा हा परिसर आहे. नागरिकांच्या मागणीपासून मनामातील घोषणेपर्यंत एका दशकाहून अधिक काळ गेला. चिकाटीची ही गोष्ट खरोखर कौतुकाची आहे. पण ती इथेच थांबवली तर अर्धीच सांगितली जाईल.

१४/
कारण ज्या २०१२ साली ओव्हल संभाव्य यादीत गेले, त्याच वर्षी दादरमध्ये उलट चित्र दिसले. वारसा समितीने ८६८ नव्या नोंदींचा मसुदा पुढे आणला. त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. या मैदानाला इतिहासाची वानवा नाही. ते १९२५ साली ‘माहीम पार्क’ या नावाने खुले झाले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील सभा येथे गाजल्या. मुंबई क्रिकेटच्या कित्येक पिढ्या येथील खेळपट्ट्यांवर घडल्या. मैदानाभोवतीच्या दुमजली-तिमजली इमारतींतही १९३०-४०च्या दशकांची तीच डेको वळणे दिसतात.

१५/
तरीही रहिवाशांनी विरोध केला. सभा झाल्या, हरकती दाखल झाल्या, राजकीय पक्ष मैदानात उतरले. त्यांचे म्हणणे सरळ होते: इमारती सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, गळतात, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही. पुनर्विकास झाला तर मोठे आणि नवे घर मिळेल. वारसा दर्जा आला तर प्रत्येक परवानगीसाठी समितीचे दार आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आपल्याच खिशातून. अखेर हरकती ऐकण्यासाठी राज्य शासनाने माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

१६/
तेव्हाच्या चर्चेत या रहिवाशांना ‘इतिहासाची कदर नसलेले’ ठरवणे सोपे होते. ते अन्यायाचे होते. ज्या माणसांनी मैदानाचा कट्टा प्राणापलीकडे जपला, मैदानावरील गोंगाटाविरुद्ध न्यायालयापर्यंत लढा दिला, त्यांना आपल्या परिसराचे मोल ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. मैदान त्यांना हवेच होते. त्याभोवतीची घरे त्याच अवस्थेत आणखी पन्नास वर्षे ठेवण्याचा भार मात्र कोणी वाटून घेणार नव्हते. दर्जा शासन देणार, अभिमान शहर बाळगणार आणि गळके छत रहिवासी सांभाळणार, असा तो व्यवहार होता.

१७/
आता खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे येथील ख्रिस्ती कुटुंबांना दिले, असे तिच्या जन्माविषयी सांगितले जाते. ही कुटुंबे ईस्ट इंडियन समाजाची. हा समाज मूळचा याच किनाऱ्याचा. घरात बोलली जाणारी बोली मराठीची. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७च्या सुमारास, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संघटितपणे धारण केले. गोवा आणि इतर प्रांतांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपली वेगळी ओळख राखावी, हा त्यामागचा हेतू.

१८/
वाडीतली घरे दुमजली, लाकडी, मंगलोरी कौलांची. पुढे ओटा किंवा व्हरांडा, वरच्या मजल्यावर जाणारा जिना पुष्कळदा घराच्या बाहेरून, खिडक्यांच्या झडपा रंगीत. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही ओट्यांवरून गप्पा चालाव्यात. एका टोकाला क्रूस, थोड्या अंतरावर हिंदू शेजाऱ्यांची घरे. अनंताश्रम ही मासळीसाठी प्रसिद्ध खानावळ याच वाडीत होती. आता ती बंद झाली. एकेकाळी येथे साठाहून अधिक जुनी घरे होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

१९/
वाडी १९९५पासून यादीत असूनही असे का घडले? येथे अनेक कुटुंबे घरांची स्वतः मालक होती. पण मालकी पिढ्यांगणिक वाटली गेली. एका घराचे दहा वारस. काही वांद्र्याला, काही परदेशात. सागवानी खांब बदलायचा तर लाखांचा हिशेब, आणि तसे काम येणारे सुतार विरळ. उलट विकासकाचा प्रस्ताव एका रकमेत येतो आणि दहाही वारसांचा वाद मिटवतो. वारसा दर्जा घर पाडणे लांबवू शकतो. वारसांना एका टेबलापाशी बसवू शकत नाही. घर विकले जाते, मग मोडकळीस येते आणि मोडकळीस आले की ‘धोकादायक’ ठरते.

२०/
वाडीबाहेरच्या गिरगावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. मुंबईत भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना तो मोठा आधार होता. पण दशके उलटली, भाडे तेच राहिले आणि मालकाने दुरुस्ती सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि शासनाने दुरुस्ती करायची. अशा ‘उपकरप्राप्त’ इमारतींची संख्या तेव्हा १९ हजारांहून अधिक होती. जमा होणारा उपकर आणि लागणारा खर्च यांचा मेळ कधीच बसला नाही.

२१/
पुढे नियम ३३(७) आला: भाडेकरूंच्या संमतीने जुनी इमारत पाडा, त्यांना मोफत नवे घर द्या आणि वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च भागवा. त्या क्षणी शहराने एक निवड केली. दुरुस्तीचा पैसा फक्त पाडकामातून उभा राहील, अशी व्यवस्था रूढ झाली. नियम ६७ सांगत होता ‘जपा’, नियम ३३(७) सांगत होता ‘पाडा, म्हणजे घर मिळेल’. दोन्ही एकाच पुस्तकात. उपकरप्राप्त इमारतींसाठी वारसा नियमही कालांतराने सैल करावे लागले, यात नवल ते काय?

२२/
या कात्रीत सापडलेला वारसा मुख्यत्वे मराठी मुंबईचा आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. शांताराम चाळीच्या आवारात राष्ट्रीय चळवळीच्या सभा झाल्या. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुमारे दोन दशके काढली. वरळी (१२१), नायगाव (४२), ना. म. जोशी मार्ग (३२) आणि शिवडी (१२) येथील २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. गिरणी कामगारांचे संप, शाहिरांचे फड, आंबेडकरी चळवळ यांच्या त्या साक्षीदार. पण खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालय मजल्याच्या टोकाला, सामायिक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळणार असताना ‘चाळ जपा’ असे तिथल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगावे?

२३/
जागतिक वारसा परिसराच्या आतही हा प्रश्न सुटलेला नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लेनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा असलेली १८६०च्या दशकातली वास्तू. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. नंतर हॉटेल बंद पडले, इमारत लहान गाळ्यांत विभागली गेली, भाडेकरू वाढले, भाडे गोठले. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. मनामातील सन्मानानंतर अवघ्या वर्षभरात, २०१९ साली, धोकादायक ठरवून ती रिकामी करण्यात आली. युनेस्कोचे नाव तिच्या खांबांना आधार देऊ शकले नाही.

२४/
तिन्ही वस्त्या शेजारी ठेवल्या की एक सूत्र स्पष्ट होते. ओव्हलसमोरच्या सदनिका प्रशस्त होत्या. हवा, उजेड, स्नानगृह, समोर मैदान. तिथल्या रहिवाशाला पुनर्विकासातून मिळवण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ होते. दर्जा मागताना त्याचा जिव्हाळा आणि त्याचे हित एकाच दिशेला होते. शिवाजी पार्कात ते दोन दिशांना गेले. वाडीत वारसदार दहा दिशांना गेले. चाळीत तर जिव्हाळ्याला विचारण्याइतकी उसंतच नव्हती. ज्याला आपले घर पुरते, तो त्या घराचा वारसा मागतो. ज्याला ते पुरत नाही, तो आधी घर मागतो.

२५/
म्हणून ‘वारसा परिसर’ ही मागणी सौंदर्यदृष्टीची जितकी, तितकीच दुरुस्तीच्या पैशाची आहे. गल्लीची उंची आणि रूप जपून आतली घरे जोडून मोठी करता येतात का? टीडीआरमधला वाटा भाडेकरूंच्या दुरुस्ती निधीत जाऊ शकतो का? सामायिक शौचालयाच्या जागी घरात शौचालय देऊन चाळीचे अंगण आणि सज्जा टिकवता येतो का? स्थापत्याच्या दृष्टीने यांतले काहीच अशक्य नाही. आजवर मुंबईच्या नियमांनी हे प्रश्न वस्तीच्या पातळीवर एकत्र विचारले नाहीत. एक खाते जपायला बसले, दुसरे पाडायला.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक वेगळी नोंद आहे. वारसा यादीकडे आपण भूतकाळाची यादी म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती वर्तमानाचा दस्तऐवज असते. कोणाकडे वेळ होता, कोणाला नियमाची भाषा येत होती, कोणाचे छत गळत नव्हते, हे त्या यादीवरून वाचता येते. जे यादीत नाही, त्याचे मोल कमी होते असे नाही. त्याच्या बाजूने बोलणे कोणाला परवडले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

२७/
खोताच्या वाडीत आजही उरलेल्या ओट्यांवर संध्याकाळी माणसे बसतात. गल्लीच्या टोकाशी मान वर केली की उंच इमारतींच्या काचा दिसतात. ओव्हलवर त्याच वेळी क्रिकेटचे शेवटचे षटक टाकले जात असते आणि राजाबाई मनोऱ्याची सावली लांबत जाते. दोन्ही ठिकाणे शासनाच्या एकाच नियमाखाली आहेत. मैदानाचे रक्षण करणारे लोक मैदानासमोर राहत होते आणि तिथेच राहू शकले. वाडीला हवे असलेले संरक्षण तेवढेच आहे: घर राहावे आणि घरातली माणसेही.

(समाप्त)